मोपाच्या दारात, तिकीट दाबोळीचं

गोव्यात दोन विमानतळ झाल्यापासून हा प्रकार नेहमीचा झाला आहे. कुटुंब मोपाला उतरतं, उत्तर गोव्यात चार-पाच दिवस राहतं आणि परतीच्या दिवशी सवयीने पुन्हा मोपालाच जातं. दारावरचा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट हातात घेतो, फोनच्या पडद्याकडे दुसऱ्यांदा बघतो आणि सांगतो की हे विमान इथून नाही, दाबोळीहून सुटतं. इथे असंच एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटापर्यंत उलगडलं आहे. माणसं आणि घड्याळातल्या वेळा नमुन्यादाखल बांधलेल्या आहेत. रस्ता, पूल आणि नियम खरे आहेत.

चार जण आहेत: नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचा त्रास असलेली आजी. मुक्काम मोरजीला होता. सोबत चेक-इन करायच्या दोन मोठ्या बॅगा आणि पाठीवरच्या तीन पिशव्या. परतीचं विमान पुण्याचं, संध्याकाळी ५.१० चं. मंडळी मोपाच्या दारात पोचली दुपारी २.२५ ला, म्हणजे चांगली पावणेतीन तास आधी. शिस्तीत काहीच कमी नव्हतं. चुकली होती ती तिकिटावरची तीन अक्षरं. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. येताना तिकिटावर ‘एक्स’ होता, जाताना ‘आय’. परतीचं तिकीट वेगळ्या दिवशी, वेगळ्या कंपनीचं, स्वस्त दिसलं म्हणून काढलेलं होतं.

अशा वेळी फोनवर पहिला शोध घेतला जातो तो दोन विमानतळांमधल्या अंतराचा, आणि उत्तर येतं ४० किलोमीटर. काही संकेतस्थळं तर पुढे जाऊन ‘उड्डाणाचा वेळ’सुद्धा सांगतात. हा आकडा खोटा नाही, पण तो हवाई अंतराचा आहे. दाबोळी आणि मोपा जवळजवळ एकाच रेखांशावर, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला आहे. दोघांच्या अक्षांशात एक तृतीयांश अंशाहून थोडा जास्त फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यावरून ४० च्या आसपास येतात. पूर्व-पश्चिम फरक दोन-चार किलोमीटरचाच असल्याने तो हिशेबात जाणवतही नाही. उड्डाणाचा वेळ मात्र निव्वळ भागाकार आहे. या दोन धावपट्ट्यांमध्ये प्रवासी विमानसेवा नाही. हा आकडा बघून कोणी ‘चाळीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास’ असं धरलं, तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

रस्त्याने हे अंतर ६० ते ६५ किलोमीटर भरतं. कारण गोव्याचा नकाशा पाहिला की कळतं. सह्याद्रीतून उतरून समुद्राकडे जाणाऱ्या नद्या आडव्या पसरल्या आहेत आणि हा प्रवास उभा आहे. मोपाचं पठार पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उत्तरेला. दाबोळी मुरगाव तालुक्यात, झुआरीच्या दक्षिणेला. मधे शापोरा, मांडवी आणि झुआरी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. नदी कुठेही ओलांडता येत नाही, पूल जिथे असेल तिथेच जावं लागतं. कोलवाळचा पूल, पणजीचा अटल सेतू आणि आगशी-कुठ्ठाळीचा झुआरी पूल ही या प्रवासाची खरी ठाणी. गोव्याला याची आठवण जुनी आहे. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि पर्वरी एकमेकांसमोर असूनही माणसं फेरीबोटीच्या रांगेत उभी राहत होती.

झुआरीवर आज जो मोठा केबलचा पूल दिसतो त्याच्या पहिल्या चार मार्गिका २९ डिसेंबर २०२२ ला खुल्या झाल्या, उरलेल्या चार पुढच्या डिसेंबरात. मोपाहून प्रवासी विमानं उडायला लागली ५ जानेवारी २०२३ ला. म्हणजे नवा पूल आणि नवा विमानतळ आठवडाभराच्या अंतराने आले. जुन्या पुलाच्या काळात हे प्रकरण घडलं असतं तर त्यावर चर्चा करण्यासारखं काही उरलंच नसतं.

आता रस्ता तुकड्यातुकड्याने. मोपा टर्मिनलपासून धारगळजवळ महामार्ग ६६ ला मिळणारा सहापदरी जोडरस्ता सुमारे ७ किलोमीटरचा. हा सगळ्यात फसवा भाग. मोकळा, गुळगुळीत, आठ-नऊ मिनिटांत संपणारा. टॅक्सीत बसलेल्याला वाटतं, असंच गेलो तर तासात पोचू. धारगळहून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा बाहेरून सोडत गिरीपर्यंत साधारण १५ किलोमीटर. इथे म्हापशाच्या चौकांवर गाडी रेंगाळते, पण सहसा अडकत नाही. पुढे गिरी ते मेरशी, मधे पर्वरी आणि अटल सेतू, ११-१२ किलोमीटर. खरा प्रश्न पर्वरीचा. विधानसभा तिथे, मॉल तिथे, वसाहती तिथे आणि त्यावर उन्नत मार्गाचं काम सुरू झाल्यावर वळवलेले रस्ते. पाच किलोमीटरला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पस्तीस. उलट पर्वरीनंतरचा अटल सेतू पणजी शहराच्या डोक्यावरून नेऊन मेरशीला सोडतो आणि शहरातली गर्दी सुटते. मेरशी, बांबोळी, गोवा वेल्हा, आगशी हा टप्पा सुमारे ११ किलोमीटरचा. मग झुआरी पूल आणि कुठ्ठाळी. तिथून महामार्ग सोडून सांकवाळ, झुआरीनगर, चिखलीमार्गे दाबोळी, आणखी १२-१३ किलोमीटर. हा शेवटचा टप्पा लोक हिशेबात धरतच नाहीत, कारण झुआरी ओलांडली की आलोच असं वाटतं. झुआरीनगरच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी इथे पंधराची पंचवीस मिनिटं होतात.

एकूण हिशेब असा: पहाटे किंवा रात्री उशिरा सव्वा तास ते दीड तास. आठवड्याच्या दुपारी दीड ते पावणेदोन. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत दोन तासांहून कमी धरू नये. पावसाळ्यात त्यात आणखी पंधरा-वीस मिनिटं.

आपली मंडळी २.२५ ला अडली. त्या क्षणी त्यांच्यासमोर एक नाही, तीन घड्याळं चालू होती आणि सगळा गोंधळ त्यांपैकी एकच पाहिल्याने झाला.

पहिलं घड्याळ सामान घेणाऱ्या काउंटरचं. देशांतर्गत विमानासाठी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात, म्हणजे इथे ४.१० ला. दुसरं बोर्डिंग गेटचं. ते कंपनीनुसार २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे जास्तीत जास्त ४.४५ ते ४.५० धरावं. तिसरं घड्याळ बहुतेकांना आठवतच नाही. तिकीट बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुदत बऱ्याच तिकिटांवर सुटण्याच्या दोन तास आधीपर्यंत असते, काहींवर तीन. तीन तासांचा नियम असता तर ती वेळ २.१० लाच गेली होती. या तिकिटावर दोन तासांचा नियम होता, म्हणजे ३.१० पर्यंत. मोपाच्या दारात उभं राहून त्यांच्या हातात बरोबर ४५ मिनिटं होती, ज्यात विमान चुकवण्याऐवजी विमान बदलता आलं असतं.

त्यांनी काय केलं? पहिली सहा मिनिटं दारावर वाद घालण्यात गेली. जवानाचा यात काही अधिकार नसतो. तो फक्त तिकीट, ओळखपत्र आणि तारीख जुळवतो. मग टॅक्सीच्या काउंटरवर पावती. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. तिथले काउंटर, गोवामाइल्सचं ॲप किंवा आधी ठरवलेली गाडी हेच मार्ग. आजीला हळूहळू गाडीपर्यंत नेणं, बॅगा डिकीत टाकणं. गाडी हलली २.४० ला. पंधरा मिनिटं रस्त्यावर न जाता गेली, आणि हीच पंधरा मिनिटं शेवटी नडली.

धारगळ २.४९. गिरी ३.०८. इथे तिसरं घड्याळ संपायला दोन मिनिटं होती, पण गाडीत त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे ड्रायव्हरला ‘जरा घाई करा’ सांगत होते. पर्वरी पार झाली ३.२७ ला, तीही बरी म्हणायची. मेरशी ३.३२, आगशी ३.४६, कुठ्ठाळी ३.५०. इथे गाडीत सगळ्यांना हायसं वाटलं. झुआरीनगरला ट्रकांच्या मागे गाडी मंदावली, ४.०३. दाबोळी टर्मिनलच्या दारात ४.१३. दारावरची तपासणी आणि सामान ढकलत काउंटरपर्यंत जाणं यात आणखी सहा मिनिटं. काउंटर नऊ मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. गाडी ९३ मिनिटं चालली, सरासरी ताशी ४० किलोमीटर. ड्रायव्हरकडून कुठेच चूक झाली नाही. उलट त्या वेळी त्या रस्त्यावर याहून चांगलं धावणं अवघडच.

हे विमान मिळू शकलं असतं का? सामान नसतं तर कदाचित. वेब चेक-इन गाडीतच उरकलं असतं (तेही साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे ४.१० च्या आत), बोर्डिंग पास फोनवर असता, तर ४.१३ ला दारात, ४.१८ ला सुरक्षा तपासणीच्या रांगेत, ४.४० च्या आसपास गेटवर. काठावर, पण जमलं असतं. एकटा, पाठीवर एक पिशवी घेतलेला, चालायला धडधाकट माणूस असेल तर दाबोळीकडे धावण्यात अर्थ आहे. या कुटुंबाचं तसं नव्हतं. दोन्ही मोठ्या बॅगा ७ किलोच्या केबिन मर्यादेत बसणाऱ्या नव्हत्या. आजीला व्हीलचेअर लागणार आणि ती सहसा काउंटरवरूनच मिळते. काउंटर बंद असताना ती मिळवणं म्हणजे नशिबाची गोष्ट. बॅगा घेऊन एकाने मागे राहायचं आणि तिघांनी पुढे जायचं हा तोडगा कागदावर सुचतो, पण आजी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्या माणसाने तपासणीतून पळत जाण्याची कल्पना ज्याला बरी वाटते त्याने कधी तसं केलेलं नसतं.

म्हणून २.२५ ला योग्य निर्णय एकच होता, आणि तो न पटणारा आहे: धावायचं नाही. दारापासून बाजूला होऊन फोन काढायचा, कंपनीच्या ॲपवर पुढचं विमान बघायचं, त्याच दिवशीचं किंवा दुसऱ्या सकाळचं, दाबोळीहून असो की त्या कंपनीचं मोपाहून असो, आणि ३.१० च्या आत बदल करून टाकायचा. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक द्यावा लागतो. तो टोचतो. पण नो-शो झाल्यावर, म्हणजे तिकीट असून विमानात न चढल्यावर, मूळ भाडं बहुतेक तिकिटांत जवळजवळ पूर्ण जातं आणि नव्या तिकिटाचे चार माणसांचे शेवटच्या क्षणीचे दर वर चढतात. त्यातच मोपा ते दाबोळी टॅक्सीचं भाडं.

ज्याला धावायचंच आहे त्याने धावतानाही एक खूण ठेवावी: गिरीचा चौक. बदलाची मुदत संपायच्या दहा मिनिटं आधी गाडी गिरीच्या पुढे गेलेली नसेल, तर गाडीतूनच तिकीट बदलावं. पर्वरीत शिरल्यावर निर्णय घेण्यासारखं काही राहत नाही. धारगळला हे ठरवू नये, तिथवर सगळं छानच चाललेलं असतं.

विमान चुकल्यावर दाबोळीत करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, जुन्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे नो-शो झालं तरी ही रक्कम प्रवाशाला परत मिळते. ती आपोआप येईलच असं धरू नये, कंपनीकडे अर्ज करावा. चार तिकिटांची मिळून ती फेकून देण्याइतकी छोटी नसते. दोन, त्याच तिकिटात पुढचा प्रवास जोडलेला असेल तर लगेच विचारावं. पहिला टप्पा न उडल्याने पुढचे टप्पे रद्द होऊ शकतात. पुण्याला जायला रात्रीच्या खासगी स्लीपर बसगाड्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी वरची बर्थ हा तोडगा नाही. दाबोळीजवळच्या वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते खरी, पण ती दुपारीच निघते, त्यामुळे या वेळेला उपयोगी नाही.

टॅक्सीखेरीज दुसरं काही? कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसगाड्या मोपाहून पणजीला येतात. तिथे उतरून वास्कोची शटल बस. शटलला तिकीट खिडकीवर काढावं लागतं, रांग असते, आणि ती कुठे थांबते ते तिथेच विचारून घ्यावं, नाहीतर वास्कोला जाऊन चार-पाच किलोमीटर मागे यावं लागतं. दोन बसगाड्यांमधला वेळ धरून तीन तास मोजावेत. अर्धा दिवस हाताशी असलेल्या, सामान कमी असलेल्या माणसाला हा मार्ग स्वस्त आणि चांगला. रेल्वे त्याहून कठीण: पेडणे किंवा थिवीहून कोकण रेल्वेने मडगाव, मग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मार्गाने वास्को किंवा दाबोळी. गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळणं हा योगायोग.

उलट दिशेने, दाबोळीत चुकून गेलेल्याला मोपा गाठायचं असेल तर सकाळचा हिशेब थोडा बरा पडतो, कारण कामाला जाणारी गर्दी पणजीकडे येत असते. संध्याकाळी मात्र तीच गर्दी पर्वरी-म्हापसा दिशेला परतते आणि तीच तुमची दिशा असते. एक गोष्ट मात्र मोपाच्या बाजूने आहे: शेवटचे सात किलोमीटर हमखास वेगात जातात, त्यामुळे धारगळला पोचल्यावर लावलेला अंदाज सहसा चुकत नाही. दाबोळीच्या बाबतीत शेवटच्या टप्प्याचा अंदाज लागत नाही.

काही दिवस वेगळे धरायला हवेत. ३ डिसेंबरच्या सुमाराला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, तेव्हा मेरशी आणि आसपासचे रस्ते भरतात. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी शहरातले रस्ते बंद होतात. गणपतीच्या आधी महामार्ग ६६ वर कोकणात येणाऱ्या गाड्यांचा लोंढा पेडण्याच्या बाजूला जाणवतो. नाताळ ते नव्या वर्षाच्या आठवड्यात वर दिलेल्या कोणत्याही वेळेत अर्धा तास मिळवावा.

चूक मुळात होते ती तिकीट काढताना. बुकिंगच्या ठिकाणी ‘गोवा’ एवढंच टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एका यादीत, भाड्याच्या चढत्या क्रमाने येतात. कुठे ‘दाबोळी’ लिहिलेलं असतं, कुठे ‘उत्तर गोवा’, कुठे नुसता कोड. माणूस भाडं आणि वेळ बघतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो पैसे भरण्याआधी करायचा: येण्याचा आणि जाण्याचा कोड शेजारी शेजारी वाचायचा. वेगळे असतील तर चूक आहेच असं नाही. मडगाव-कोळवा-पाळोळे बाजूला मुक्काम असेल तर दाबोळीच जवळ. मोरजी, हरमल, पेडणे, किंवा बांदा-सावंतवाडीहून येणाऱ्यांना मोपा जवळ. सावंतवाडीकर ‘गोव्याचं स्वस्त तिकीट’ म्हणून दाबोळीचं घेतो तेव्हा वाचलेले पैसे साठ किलोमीटरच्या जादा टॅक्सीत जातात, हे त्याने आधीच मोजायला हवं. मधल्या भागात, म्हणजे पणजी-कळंगुट पट्ट्यात राहणाऱ्यांनी विमानाच्या वेळेवरून ठरवावं: संध्याकाळचं विमान असेल तर ज्या विमानतळाकडे जाताना गर्दी उलटी असते तो निवडावा.

आणखी एक फट गाडी ठरवताना उघडते. हॉटेलला ‘एअरपोर्ट ड्रॉप’ एवढंच सांगितलं तर ते आपल्या सवयीचा विमानतळ धरतात. मोरजीला तो मोपा असतो, बाणावलीला दाबोळी. १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेली दाबोळीची धावपट्टी गोवा मुक्तीनंतर नौदलाकडे गेली आणि साठ वर्षं गोव्यात विमानतळ म्हटलं की एकच होता. त्यामुळे जुने ड्रायव्हर अजूनही नाव न घेता ‘विमानतळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दाबोळीच असतं. नाव घेऊन विचारावं आणि गाडीच्या बुकिंगच्या संदेशात ‘दाबोळी’ किंवा ‘मोपा’ हा शब्द लिहून घ्यावा.

या कुटुंबाने तेवढं केलं असतं तर मोरजीहून निघायची वेळ वेगळी ठरली असती. दाबोळीच्या दारात ३.१० ला पोचायचं, मोरजी ते दाबोळी साधारण साठ किलोमीटर, आजीला मधे एकदा उतरून पाय मोकळे करायला दहा मिनिटं, पर्वरीसाठी राखीव वीस. म्हणजे गाडी हॉटेलच्या दारातून १२.४५ ला हलायला हवी होती, जेवण उरकून नाही तर डबा घेऊन.